अंतरा डाव्या जबड्यात

— नाही नाही पोस्टमास्तर, आता बोलायचं नाही. सुई टोचून झाली ना? मग झालं. आता जीभ जड होईल, ओठ शेजारच्याचा असल्यासारखा वाटेल, घाबरायचं नाही, आणि तोंड मिटायचं नाही — तो रबरी ठोकळा दाढांमध्ये ठेवलाय तो त्यासाठीच, त्यावर दात टेकवून निवांत पडून राहा. दहा-पंधरा मिनिटं लागतील भिनायला, मग काढू दाढ. आज नक्की. आज काढायचीच. — काय? छताकडे काय बघताय? हां, पियानो होय! ती वर बायको वाजवतेय. वर आमचं घर, खाली दवाखाना, त्यामुळे इकडे माझं यंत्र घुंईं करतं आणि तिकडे तिचा पियानो, पेशंटना बरं वाटतं म्हणतात. तुम्हाला कसं वाटतंय? म्हणजे ही चाल — ओळखीची वाटतेय का? — नाही, मान नका हलवू. कशी वाटणार म्हणा. सहज विचारलं.

बायको पियानो शिकवते, तुम्हाला माहीत असेलच, अर्ध्या गावाच्या पोरी दर संध्याकाळी आमचा जिना चढतात. आणि मी — ते दाराआड काय उभं आहे? गिटार. माझं. कॉलेजात असताना खोलीतल्या मित्राकडून शिकलो. आता तुम्ही म्हणाल, वा, दोघं कलाकार, घरात रोज मैफल होत असेल. कसली मैफल हो! ती वाचते ते नोटेशन — पाच रेघा, त्यावर काळे ठिपके, ठिपक्यांना काड्या, काड्यांना झेंडे. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. मी वाचतो ती टॅब. टॅब म्हणजे काय — सहा रेघा, सहा तारांच्या, आणि रेघेवर आकडा. तीन लिहिलं की त्या तारेवर तिसऱ्या पट्टीपाशी बोट दाबायचं. खलास. तिच्या कागदावर कोणता सूर काढायचा ते लिहिलेलं असतं, माझ्या कागदावर बोट कुठं ठेवायचं ते लिहिलेलं असतं — सूर कोणता निघतो ते गिटारचं गिटार बघून घेईल, मला काय करायचंय! तर असा संसार. तिला टॅब म्हणजे पोरखेळ वाटतो, मला नोटेशनकडे बघितलं की डोळ्यांपुढे मुंग्या येतात. तिनं शिकवायचा प्रयत्न केला की, नाही असं नाही. लग्नानंतर वर्षभर केला. मग एक दिवस वही मिटली आणि म्हणाली, राहू द्या. रागावून म्हणाली असती ना पोस्टमास्तर, तर मी भांडलो असतो. ती अगदी मायेनं म्हणाली. तेव्हापासून आम्ही दोघांनी मिळून एक ओळसुद्धा वाजवलेली नाही, आणि मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली आता. — जीभ जड झाली? थोडी? होऊ द्या.

तर माझा मेव्हणा. हिचा धाकटा भाऊ. कॉम्प्युटरमधला आहे, हुशार आहे, फक्त आळशी इतका की विचारू नका. त्यानं मागं मला एक मशीन करून दिलं होतं — मशीन म्हणजे प्रोग्रॅम, ह्या कॉम्प्युटरमध्ये बसतो — एक्स-रे बघून किडलेला दात ओळखणारं. त्याला म्हणे नियम सांगायचे नसतात, नुसती उदाहरणं दाखवत सुटायचं. हा किडलेला, हा चांगला, हा किडलेला, हा चांगला — आपण कंटाळून जातो, ते कंटाळत नाही, आणि मग एक दिवस आपलं आपण ओळखायला लागतं. लागलं की! इतकं लागलं की त्याला सगळंच किडलेलं दिसायला लागलं. एका फोटोत माझा अंगठा आला, तर अंगठा किडलाय म्हणालं. मी म्हटलं, बाबा, हे काही पेशंटसमोर चालायचं नाही, त्यापेक्षा मला असं काही तरी करून दे की ताईचं नोटेशन ह्या बाजूनं घातलं की त्या बाजूनं माझी टॅब बाहेर पडेल. तिला सांगू नकोस, मी एकदम वाजवून दाखवणार. तो म्हणाला, भावजी, ह्यात काय, हाताचा मळ. आणि काय केलं ठाऊक आहे? नवीन काही केलंच नाही! तेच दाताचं मशीन घेतलं आणि त्याच्यापुढे नोटेशनचे फोटो टाकले. म्हणाला, दाताला वर डोकं असतं न् खाली मूळ असतं, ठिपक्याला डोकं असतं न् काडी असते, फरक काय? अर्धं शिक्षण झालेलंच आहे त्याचं. वरच्या वर्गात ढकललं म्हणायचं.

आणि ते शिकलं हो. खरंच शिकलं. मी बायको बाजारात गेली की तिच्या वह्यांचे फोटो काढायचो — चोरासारखे, स्वतःच्या घरात! — मेव्हण्यानं कुठून कुठून तयार टॅबा आणल्या, हे नोटेशन, ही त्याची टॅब, हे नोटेशन, ही त्याची टॅब. आधी जरा तारांबळ झाली. कारण गिटारवर एकच सूर तीन-चार ठिकाणी सापडतो, कुठला घ्यायचा ते मशीननं ठरवायचं, आणि त्याला कुठं हात आहेत? त्यानं एक बोट पहिल्या पट्टीवर ठेवायला सांगितलं न् दुसरं बाराव्या. मी प्रयत्न केला! मनगटाला आठवडाभर पट्टी बांधून रूट कॅनाल करत होतो. शेवटी मेव्हण्यानं माझी बोटं ताणताणून मोजली न् ते माप मशीनला शिकवलं. तेव्हापासून शहाण्यासारखं वागतं. — आता गालाला चिमटा घेतो हं. कळतंय? अजून कळतंय. थांबू या.

आणि मग ती भानगड झाली. म्हणजे चूक माझीच. कॉम्प्युटरवर हिच्या नोटेशनचे फोटो न् पेशंटांचे एक्स-रे एकाच ठिकाणी ठेवलेले, दोन्हीची नावं नुसत्या तारखा. दुपारची वेळ, पेशंट कुणी नाही, मी घाईघाईत एक फाइल मशीनमध्ये ढकलली, टॅब आली, गिटार मांडीवर घेतलं न् वाजवायला लागलो. आणि पोस्टमास्तर — काय सांगू तुम्हाला! तीन सूर अगदी एका पातळीत, शांत, मग एक जरासा घसरलेला, मग एकदम थांबा — आणि थांब्यानंतर असा एक सूर की बास. मी म्हटलं, वा गं बायको, काय काय सुंदर ठेवलंयस वह्यांमध्ये लपवून! पुन्हा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवत होतो तर वरचा पियानो बंद. जिन्यावर पावलं. ही दारात. म्हणाली, हे काय वाजवताय? मी म्हटलं, ओळख! ती म्हणाली, मी हे आयुष्यात ऐकलेलं नाही. कुणाचं आहे?

आता तुम्हीच सांगा — सांगू नका, पडून राहा — मी काय म्हणायला पाहिजे होतं? माहीत नाही म्हणायला पाहिजे होतं. पण तिचा चेहरा, पोस्टमास्तर! ती तशी माझ्याकडे बघत नाही हो. प्रेमानं बघते, काळजीनं बघते, मी ओला टॉवेल गादीवर टाकला की कशी बघते ते तर विचारूच नका, पण तसं — म्हणजे तिच्या एखाद्या गुणी पोरीकडे बघते ना, तसं कधी बघितलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, माझं आहे. मी केलंय.

ती येऊन खुर्चीवर बसली. ह्याच खुर्चीवर, तुम्ही पडलाय तिथं. म्हणाली, पुन्हा वाजवा. वाजवलं. म्हणाली, तो मधला थांबा — एवढं थांबायचं धाडस तुम्हाला कुठून आलं? मी आपला खाली मान घालून, येतं कधी कधी. ती वर गेल्यावर कॉम्प्युटर उघडून बघतो तर ते नोटेशन नव्हतंच. एक्स-रे होता. चार एक्स-रे, ओळीनं. आणि तो थांबा म्हणजे काय होतं, तर तिथं दातच नव्हता! कधी तरी पडलेला, फट तेवढी राहिलेली. आणि कुणाचे एक्स-रे म्हणाल तर — आता असं करा, तुम्ही आधी एक मोठा श्वास घ्या. नाकानं. तुमचे. तुमचा उजवा जबडा, पोस्टमास्तर. उजवीकडची दाढ भरून घ्यायला आला होतात तेव्हाचा. — अहो उठताय कुठं! घाबरण्यासारखं काही नाही, अभिमान वाटायला पाहिजे! वर पियानोवर काय चाललंय? तुमचं गाणं चाललंय. तिनं त्याला पियानोची साथ बसवलीये, रोज घोटतेय. येत्या रविवारी तिच्या पोरींचा कार्यक्रम आहे आणि शेवटी आम्ही दोघं एकत्र वाजवणार आहोत. आपणहून म्हणाली ती. जेवताना, वाढता वाढता म्हणाली, आपण दोघं वाजवू या का? मी नुसता हो हो म्हणत सुटलो.

पण खरी पंचाईत पुढंच आहे. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, हा मुखडा झाला, अंतरा कुठाय? म्हटलं, होतोय, सुचतोय. आता सुचणार कुठून, मला काय तेवढंच काम आहे! दुसऱ्या पेशंटांचे एक्स-रे घालून बघितले. त्या पावभट्टीवाल्याचा घातला — सगळ्या दातांना टोप्या, एकच सूर, टणटणटणटण, दार वाजवल्यासारखा. वकीलबाईंचा घातला — दात इतके सरळ, इतके सरळ की पोरी पहिल्या दिवशी बोटं फिरवतात तसं निघालं. शेवटी माझा स्वतःचा घातला. ते तर मी पुरतं वाजवलंसुद्धा नाही, कुत्री भुंकायला लागली बाहेर. हिला एक-दोन ऐकवले तर लगेच म्हणाली, हे तुमचं वाटत नाही. म्हणजे माझं. म्हणजे खरं तर तुमचं — तुम्हाला कळतंय ना? अंतरा त्याच तोंडातून यायला हवा होता. आणि तुमचा डावीकडचा फोटोच नाही माझ्याकडे! ते छोटे फोटो काढताना तुम्हाला ओकारी येते, उजवीकडचे चार काढेपर्यंत तुम्ही मला दोनदा ढकललंत, आठवतंय? मग राहिलं कोणतं? मोठं मशीन, डोक्याभोवती फिरतं ते, मघाशी हनुवटी टेकवून उभं केलं तुम्हाला ते. ते नेमकं दुरुस्तीला गेलेलं. रोज फोन करत होतो त्या माणसाला. तो रोज उद्या म्हणायचा. म्हणून तर तुम्हाला दोनदा गोळ्या देऊन परत —

— म्हणजे सूज होती. सूज असताना दाढ काढत नाहीत. सूज नव्हती म्हणता? थोडी होती. मला दिसली. बाहेरून दिसत नाही ती. — बरं, नव्हती. असं डोळे वटारून बघू नका हो, तुमच्या जागी मी असतो तर मीही बघितलं असतं, पण तुम्ही जरा माझ्या बाजूनं विचार करा ना! डावीकडची अक्कलदाढ, आडवी पडलेली, अख्ख्या जबड्यात तीच एक वेगळी, ती काढून टाकली आणि मग फोटो काढला तर अंतऱ्यात काय उरणार? भोक! दाढ काय, कधीही निघते. असा अंतरा कधीही निघत नाही. तुमचे थोडे दिवस वाईट गेले. झोपला नाहीत, कबूल. पोस्टात तिकिटं भलत्याच पाकिटांवर चिकटवलीत म्हणून ऐकलं, तेही कबूल. पण मी गोळ्या चांगल्यातल्या दिल्या होत्या.

आणि आता ऐकाच तुम्ही. ते मोठं मशीन काल दुरुस्त होऊन आलं, आज पहिला फोटो तुमचा, तुम्हाला सुई टोचली तेवढ्यात तिकडे टॅब तयार — ही बघा स्क्रीनवर, वर तुमचा जबडा, खाली आकडे. हातमोजे काढतो. गिटार घेतो. हां. ऐका हं, हळू वाजवतो, वर जायला नको आवाज. — ही तुमची डावीकडची सुळ्यामागची. ह्या दोन जुळ्या. आणि आता — आता ती दुखरी. आडवी पडलीये ना, मशीनला ती काडी आडवी दिसली, त्यानं तिथं बोट उचलायलाच सांगितलेलं नाही, खालच्या सुरावरून वरपर्यंत घसरत न्यायचंय. असं. — ऐकलंत? अगदी असं कुणीतरी हाक मारल्यासारखं — पुन्हा ऐका. — अहो, तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं! बघा. बघा म्हणजे, मी तुम्हाला काय सांगत होतो! उगाच का मी — काय? दुखतंय? कसं दुखेल, एव्हाना बधिर व्हायला हवं. थांबा, नवे मोजे घालतो, ठोकळा काढून बघू दे. हां. डाव्या हातानं गाल बाजूला करतो. इथं दाबतोय ती हिरडी कळते? आणि मागं? आणि इथं, दाढेच्या —

आई आई आई गं! सोडा! पोस्टमास्तर, सोडा! अहो बोट आहे ते माझं! तुम्हाला कळत नाहीये, तुमचं तोंड बधिर आहे, तुम्हाला वाटतंय तुम्ही हळू चावताय! तुम्ही हळू चावत नाही आहात! सोडा, हात जोडतो — एकच मोकळा आहे तो जोडतो! तुमचं चुकलं नाही, माझं चुकलं, शंभर वेळा चुकलं, पहिल्याच दिवशी काढायला हवी होती, सोडा! — आईऽ! — हं. सुटलं. आभारी आहे. काय जबडा आहे हो तुमचा! आणि नेमकं डाव्या हाताचं. आणि नेमकं पहिलं बोट. बघा कसं सुजायला लागलं. ही सूज बघा, ही दिसते. आता रविवारी हे बोट तारेवर टेकतसुद्धा नाही.

नाही, तोंड धुवा तुम्ही, धुवा. मी काही म्हणत नाही. दाढ काढायला उजवा हात पुरतो, काढून देतो, पळून जाऊ नका. खरं सांगू? एका दृष्टीनं बरंच झालं. सुटलो मी. बोटाला लागलं म्हणून सांगायचं, रविवार गेला, अंतरा गेला, ती चार दिवस हळहळेल न् विसरेल, कुणाला काही कळायला नको. तुम्हीही कुठं बोलू नका, मी तुमच्या गोळ्यांबद्दल — म्हणजे, सुजेबद्दल — नको. काहीच नको. आपण दोघांनी गप्प बसायचं. — ऐकलंत? ऐकलंत का? — पियानो थांबला. मी फार मोठ्यानं ओरडलो का? जिन्यावर कुणी — ती येतेय. मान तिकडे करा. स्क्रीन — स्क्रीन कुठून बंद होते ही —

अगं काही नाही! ये. नाही, पेशंट ठीक आहेत, मीच ओरडलो. दार. दारात बोट सापडलं. हो, डावंच. हो गं, तेच बोट. वाकत नाही, नको ओढूस. रविवारचं काही खरं नाही आता, तू एकटीच वाजव, काय करणार, माझं नशीबच — काय म्हणालीस? पुढं ढकलतेस? अगं, पोरींनी तयारी केलीये, त्यांचे आईबाप येणार आहेत, सगळा कार्यक्रम कसा पुढं ढकलतेस माझ्यासाठी? — एवढी वर्षं थांबलीस म्हणजे? तू कशाला थांबली होतीस? तू तर म्हणाली होतीस, राहू द्या. — रडू नकोस गं. पेशंटसमोर काय — बोटच आहे, तुटलं नाही.

दार नव्हतं ते. नाही. ऐक, आत ये आणि इथं बस, माझ्या स्टुलावर. ह्यांची ओळख करून देतो. हे आपले पोस्टमास्तर. तू वर जे वाजवत होतीस ना — ते मी केलेलं नाही. ह्यांचं आहे. अगं खरंच ह्यांचं, स्क्रीनकडे बघ. नाही, त्यांनाही माहीत नव्हतं, आत्ताच कळलं त्यांना, म्हणून तर चावले. तुला मला जे काय बोलायचंय ते नंतर बोल, सगळं बोल, आधी मला हे एवढं करू दे. पोस्टमास्तर, एक शेवटची विनंती. तुम्ही बोलू नका, नुसता आ करा. हिला बघू दे. — अजून मोठा करा. आणि मान जरा इकडे, तिला डावीकडून वाचायची सवय आहे.